अंगणात मुलांसाठी वाळूचा हौद कसा करायचा: वाळू, तळ आणि झाकण

वाळूचा हौद करायचा ठरलं की बहुतेक लोक चौकटीपासून सुरुवात करतात, म्हणजे लाकूड कुठलं, आकार होडीचा की षटकोनी, बसायला फळी कशी, वर छप्पर हवं का, आणि सगळा वेळ नि पैसा तिथेच संपतो. मग वाळू जी मिळेल ती टाकायची आणि झाकण नंतर बघू. आम्ही आमच्या अंगणात हौद केला, पुढे ओळखीच्या काही घरी करायला मदतही केली, आणि ते सगळं बघून माझं पक्कं मत झालंय की चौकट सगळ्यात कमी महत्त्वाची आहे. हौदात मुलं वर्षानुवर्षं खेळणार की दोन पावसांत त्याचं डबकं होणार हे वाळू कुठली आणली, तळाला काय केलं आणि झाकण रोज पडतं का, यावरच ठरतं. बोस्टनमध्ये १८८५ साली मुलांच्या खेळासाठी वाळूची जागा केली, तिथल्या एक डॉक्टर मारी झाकझेव्स्का यांनी बर्लिनमध्ये असं काही बघितलं होतं त्यावरून, आणि ती सुरुवात म्हणजे एका चॅपलच्या आवारात ओतलेला वाळूचा ढीग होता. मुलांना तेवढं पुरतं. म्हणून चौकट साधी चौकोनी करा आणि वाचलेली मेहनत खाली सांगते तिथे लावा.

मापं मी पाच बाय पाच फुटांच्या हौदाची देतेय, तुमच्या जागेप्रमाणे कमीजास्त करून घ्या.

काय काय लागेल

हत्यारं: कुदळ, फावडं, घमेलं, माती ठोकायला धुम्मस (किंवा जड सपाट काहीही), मेझरिंग टेप, दोरी आणि चार खुंट्या, गुण्या, लेव्हल, करवत, ड्रिल, स्क्रू ड्रायव्हर, जाड आणि बारीक सँडपेपर, कात्री, वाळू चाळायला चाळण.

सामान: दीड इंच जाडीच्या फळ्या, कोपऱ्यांसाठी दोन बाय दोन इंची रिपा, कापड दाबायला पातळ पट्ट्या, गंज न चढणारे स्क्रू (स्टेनलेस किंवा गॅल्वनाइज्ड), बारीक खडी साधारण सात-आठ घनफूट, जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती-वाळू अडवणारं कापड), धुतलेली वाळू साधारण सतरा घनफूट, झाकणासाठी जाळी आणि ताडपत्री, तेल किंवा मुलांसाठी सुरक्षित असलेलं फिनिश.

ड्रिल स्वतःचं नसेल तर भाड्याने किंवा शेजाऱ्यांकडून घ्या, एका दिवसाचं काम असतं. खोदाई आणि वाळू टाकणं मात्र दोन मोठ्या माणसांचं काम आहे, एकट्याने करायला जाऊ नका, पाठ धरते.

१. जागा ठरवा

पहिला नियम: तुम्ही घरात जिथे जास्त वेळ असता, स्वयंपाकघर म्हणा किंवा कामाचं टेबल म्हणा, तिथून हौद दिसला पाहिजे. कोपऱ्यात, गॅरेजच्या मागे, घराच्या आडबाजूला केलेला हौद वापरातच येत नाही कारण लहान मुलाबरोबर दर वेळी कुणीतरी तिथे जाऊन बसावं लागतं.

दुसरं ऊन. इथे दोन उलट गोष्टी सांभाळायच्या असतात. वाळूला ऊन हवं, उन्हाने ती वाळते आणि स्वच्छ राहते, कायम सावलीत असलेली वाळू दमट होऊन कुबट वास मारायला लागते. पण मुलांना सावली हवी, कारण सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात ऊन सगळ्यात त्रासदायक असतं आणि कोरडी वाळू वरून इतकी तापते की पाय ठेववत नाही. म्हणून सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली पडेल अशी जागा मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर उन्हातली जागा घ्या आणि वर शेडनेट किंवा मोठी छत्री लावा. सावली नंतर करता येते, ऊन आणता येत नाही.

मोठ्या झाडाखाली हौद करायचा मोह सगळ्यांना होतो, पण वरून पानं, काटक्या, डिंक आणि पक्ष्यांची घाण सतत पडत राहते आणि खोदताना मुळं लागतात ती वेगळीच. झाडाची सावली दुपारी हौदावर येईल एवढ्या अंतरावर करा, थेट खाली नको.

आणखी काही गोष्टी बघून घ्या:

- छपराचं पाणी, एसीचं पाणी, बागेचं पाणी वाहून येतं त्या बाजूला नको. जागा किंचित उंचावर असलेली बरी.
- खाली पाण्याची, गॅसची, ड्रेनेजची पाइप किंवा वायर गेलीय का ते खोदायच्या आधी नक्की विचारा, घराचा नकाशा असेल तर बघा. सेप्टिक टँकच्या जवळही नको.
- झोपाळा किंवा घसरगुंडी असेल तर हौद त्यांच्यापासून निदान सहा फूट लांब ठेवा. झोपाळ्याच्या पुढेमागे तर त्याहूनही जास्त जागा मोकळी हवी.
- पाण्याचा नळ जवळ असला तर फार सोय होते, खेळायलाही आणि नंतर पाय धुवायलाही.

गच्चीवर करणाऱ्यांनी हे आधी वाचा. आठ इंच वाळूचं वजन एका चौरस मीटरला साधारण ३२० किलो होतं, भिजली की अजून जास्त. घराचे स्लॅब वापराच्या भारासाठी साधारणपणे चौरस मीटरला दीडशे ते दोनशे किलो धरून केलेले असतात. म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय गच्चीवर किंवा बाल्कनीत हौद करूच नका. तिथे चार पाय असलेला छोटा टब घ्या, त्यात तीन-चार इंच वाळू टाका, मुलं उभी राहून खेळतात आणि छान खेळतात.

२. माप आणि वाळूचा हिशोब

मुलं वाळूत पाय पसरून बसतात आणि शेजारी ट्रक, बादल्या, सगळा पसारा असतो, त्यामुळे चार बाय चार फूट हे एका मुलाला ठीक, दोघांना भांडणाला निमंत्रण. पाच बाय पाच दोन-तीन मुलांना पुरतो. त्याहून मोठा करायला जागा असली तरी झाकण किती मोठं होईल याचा विचार करा, सहा फुटांच्या पुढे झाकण ओढणं एका माणसाला जड जातं.

वाळू आठ इंच खोल हवी. चार-पाच इंच टाकली की मुलं लगेच तळाच्या कापडापर्यंत पोचतात आणि तेच उकरत बसतात. हिशोब सोपा आहे: लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली, सगळं फुटांत. पाच गुणिले पाच गुणिले पाऊण फुटाला थोडं कमी, म्हणजे साधारण सतरा घनफूट. एक घनफूट कोरडी वाळू ४५ किलोच्या आसपास भरते, म्हणजे सगळी मिळून पाऊण टन. हा आकडा ऐकून लोक दचकतात, पण गाडी कुठपर्यंत येणार आणि तिथून वाळू कशी वाहायची हे आधीच ठरवलेलं बरं.

ऑर्डर देताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ओलसर वाळू फुगते. दाण्यांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो आणि दाणे एकमेकांपासून लांब राहतात, त्यामुळे तीच वाळू कोरडी असताना कमी जागा घेते आणि ओलसर असताना वीस-पंचवीस टक्के जास्तसुद्धा घेऊ शकते. मापाने घेताना वाळू ओलसर दिसली तर तेवढी जास्त मागवा, नाहीतर वाळल्यावर हौद अर्धवट भरलेला दिसतो आणि विक्रेत्याशी वाद घालून काही उपयोग नसतो कारण त्याने माप बरोबरच दिलेलं असतं.

३. लाकूड

इथे फार वेळ घालवू नका. सागवान किंवा देवदार मिळालं तर ते मुळातच लवकर कुजत नाही. साधं लाकूड घेतलं तरी खाली खडी असली आणि वर्षातून एकदा तेल दिलं तर बरीच वर्षं टिकतं. जाडी मात्र दीड इंचाच्या खाली नको, वाळू बाहेरच्या बाजूला रेटत असते आणि पातळ फळी मधोमध पोट काढते.

काय घेऊ नये ते जास्त महत्त्वाचं आहे:

- रेल्वेचे जुने स्लीपर. दिसायला भक्कम आणि छान असतात पण क्रिओसोट, म्हणजे लाकूड कुजू नये म्हणूनचं डांबरी तेल, पाजलेले असतात, उन्हात ते वर येतं आणि मुलांच्या हातापायाला लागतं. अजिबात नको.
- जुनं हिरवट छटेचं प्रक्रिया केलेलं लाकूड. आधी अशा लाकडात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असलेलं मिश्रण भरायचे, अमेरिकेत घरगुती कामासाठी त्याचं उत्पादन २००३ च्या अखेरीला थांबलं. जुन्या डेकचं किंवा कुंपणाचं लाकूड फुकट मिळालं तरी त्यात काय भरलंय ते माहीत नसेल तर सोडून द्या.
- जुन्या रंगाच्या फळ्या. जुन्या रंगात शिसं असू शकतं, पोपडे वाळूत पडतात आणि तिथून तोंडात जातात. घासून काढतो म्हणाल तर त्याची धूळ आणखी वाईट.
- पॅलेटची लाकडं. वापरायची असतील तर त्यावरचा शिक्का बघा. ‘एचटी’ असेल तर लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं असतं, ते चालतं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली, ते नको. शिक्काच नसेल किंवा तेलाचे, रसायनाचे डाग असतील तर तेही नको.
- टायर. आत पाणी साठतं, डास होतात, उन्हात भाजतं आणि जुन्या टायरमधून तारा बाहेर येतात.

तेल द्यायचं असेल तर जवसाचं कच्चं तेल चांगलं, हौद भरायच्या आठवडाभर तरी आधी द्या म्हणजे ते मुरतं. आणि हे नीट वाचा: जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती वाळताना स्वतःच तापतात आणि पेटू शकतात. बाहेर मोकळी पसरून पूर्ण वाळू द्या आणि मग टाका.

४. खोदाई

खुंट्या ठोकून दोरीने साडेपाच बाय साडेपाच फुटांचा चौकोन आखा, म्हणजे चौकटीला चारी बाजूंनी तीन-तीन इंच मोकळीक राहते. काटकोन बघायला एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट मोजा, त्या दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट आलं की कोपरा काटकोनात आहे.

सहा इंच खोल खणा. गवताचा थर मुळांसकट काढा, नुसतं कापून वर वाळू टाकली तर पहिल्याच पावसानंतर गवत वाळूतून डोकं काढतं. तळ अगदी सपाट करू नका, एका बाजूला साधारण एक इंच उतार द्या, पाणी घरापासून लांब जाईल असा. मग धुम्मसाने चांगलं ठोका.

आता पाण्याची परीक्षा. खड्ड्यात दोन-तीन बादल्या पाणी ओता आणि तासाभराने बघा. जिरलं असेल तर पुढे चला. साचून राहिलं तर तुमची माती चिकण आहे, आणि अशा वेळी उताराच्या खालच्या टोकाला एक फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट खोल असा शोषखड्डा घेऊन तो खडीने भरा. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून लोक टाळतात, पण नंतर पाऊण टन वाळू उपसून हा खड्डा करणं शक्य नसतं. जमीन इतकी चिकण असेल की तरीही पाणी जात नाही, तर खोदूच नका, चौकट जमिनीच्या वर खडीच्या थरावर ठेवा आणि सगळा हौद उंचावर करा.

तळाला काँक्रीट टाकायचा सल्ला काही गवंडी देतात, ‘एकदम पक्कं काम’ म्हणून. नको. पाण्याला जायला वाट राहत नाही आणि वाळूखाली कायम पाणी साठतं.

५. खडी, चौकट, कापड, याच क्रमाने

खड्ड्यात तीन इंच खडी पसरा आणि ठोकून लेव्हल करून घ्या. उतार मातीला दिलाय, खडीचा वरचा थर सपाट असला तरी चालतो, पाणी खडीतून खाली वाट काढतं.

चौकट बाहेर सपाट जागेवर जोडा. बारा इंच उंचीची एकच फळी किंवा सहा-सहा इंचांच्या दोन, एकावर एक. चार कोपऱ्यांत आतल्या बाजूने रिप ठेवायची आणि फळ्या तिला बाहेरून स्क्रूने पकडायच्या. स्क्रूच्या आधी त्याच्याहून थोडं बारीक भोक ड्रिल करा, नाहीतर फळीचं टोक चिरतं. खिळे वापरू नका, लाकूड ओलंकोरडं होत राहतं तसे खिळे वर येतात आणि वाळूत पडलेला खिळा कुणालाच दिसत नाही. स्क्रूची डोकी लाकडाच्या आत बसवा. दोन्ही कर्ण मोजा, पाच फुटांच्या चौकटीचे ते साधारण सात फूट एक इंच येतात, पण आकड्यापेक्षा दोन्ही सारखे असणं महत्त्वाचं. मग चौकट उचलून खडीवर ठेवा, लेव्हल बघा, बाहेरच्या फटीत खडी भरून ठोका. तळाचे तीन इंच जमिनीखाली जातात, वर नऊ इंच राहते आणि लहान मुलाला काठावर बसायला ती उंची बरोबर येते.

बसायला फळी हवी असेल तर सहा इंच रुंदीची काठावर आडवी लावा. सगळ्या कडा गोल करा, सँडपेपर दोनदा मारा आणि मग सगळीकडून उघडा हात फिरवून बघा, कुसळ कुठे राहिलंय ते हातालाच कळतं.

आता कापड. खडी आणि वाळू यांच्यामध्ये काहीतरी हवंच, नाहीतर वाळू खडीत उतरते आणि खोदताना खडी वर येते. इथे सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे प्लास्टिकचा कागद अंथरणं. प्लास्टिकमधून पाणी जात नाही, भोकं पाडली तरी ती बारीक वाळूने बुजतात, आणि काही महिन्यांत खालची वाळू काळी पडून वास यायला लागतो. जिओटेक्स्टाइल घ्या, त्यातून पाणी जातं आणि वाळू अडते. पूर्ण तळावर एकच तुकडा अंथरा, जोड द्यावाच लागला तर एक फूट एकमेकांवर घ्या. कडा आतल्या बाजूने चार-पाच इंच वर चढवा आणि लाकडी पट्टीखाली दाबून पट्टी स्क्रूने पक्की करा. स्टेपलरच्या पिना मारू नका, त्या सुटून वाळूत पडतात.

६. वाळू: इथे घाई नको

बांधकामाच्या सामानाच्या दुकानात जाऊन नुसतं ‘वाळू द्या’ म्हटलं तर जे शिल्लक असेल ते येईल. तुम्हाला हवी आहे ती धुतलेली, चाळलेली, गोलसर दाण्यांची बारीक वाळू. दोन मिलिमीटरपेक्षा मोठे खडे नकोत. पण नुसती भरड वाळू पण नको, तिच्यात आकार टिकत नाही आणि किल्ला उभाच राहत नसेल तर मुलांचा रस संपतो. मुलांच्या खेळासाठी म्हणून पिशव्यांत वाळू मिळत असेल तर ती घ्या, महाग पडते पण चाळणं-धुणं वाचतं.

क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, हिचे दाणे कोनदार असतात. खरं सांगायचं तर कोनदार दाणे एकमेकांत अडकतात त्यामुळे आकार छानच टिकतात. पण त्याच दाण्यांनी गुडघे आणि तळहात खरचटतात, आणि न धुतलेली असेल तर तिच्यात दगडाची भुकटी भरपूर असते. अशा भुकटीत अगदी बारीक स्फटिकी सिलिका असू शकते, जी श्वासातून फुप्फुसात खोल जाते. कामाच्या ठिकाणी वर्षानुवर्षं ही धूळ श्वासात घेणाऱ्यांसाठी ती कर्करोगकारक आहे असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच सांगितलंय. अंगणातल्या हौदात तेवढी धूळ कुणी घेत नाही, घाबरून जायचं कारण नाही, पण ज्या वाळूतून हात घातल्यावर पांढरा धुरळा उडतो ती मुलांसमोर ठेवायची तरी कशाला. स्टोन डस्ट तर नकोच नको. घरात कुणाला दमा असेल तर हौदातली वाळू कायम किंचित ओलसर ठेवा.

समुद्रावरची वाळू उचलून आणू नका. मीठ असतं, शिंपल्यांचे धारदार तुकडे असतात, स्क्रू गंजतात, आणि बऱ्याच ठिकाणी ती उचलायला बंदीच असते.

वाळू घ्यायच्या आधी दुकानातून ओंजळभर नमुना घरी आणा आणि या परीक्षा करा:

- काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत वाळू, वर पाणी, झाकण लावून जोरात हलवा आणि काही तास ठेवून द्या. वाळू आधी खाली बसते, माती आणि गाळ नंतर तिच्यावर वेगळा थर करून बसतो. हा थर जेमतेम दिसेल इतकाच असला पाहिजे. बोटभर जाड असेल तर ती वाळू नाही, माती विकत घेताय.
- ओली वाळू तळहातावर चोळून झटका. हात लाल किंवा काळा राहिला तर मुलांचे कपडेही तसेच होणार.
- ओलसर वाळूचा मुटका करा. मूठ उघडल्यावर आकार राहिला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर मोकळा झाला पाहिजे. चिखलासारखा चिकटून राहिला तर माती जास्त आहे.
- कोरडी वाळू उंचावरून हळूहळू सोडा. धुरळा उडाला तर नको.

नमुना पसंत पडला तरी गाडी आल्यावर खाली उतरवायच्या आधी पुन्हा बघा, नमुना एका ढिगाचा आणि गाडीत दुसरीच वाळू असं होतं. आणि गाडीने अंगणात ढीग ओतला की मुलांना त्याच्यावर चढू देऊ नका, त्यात बोगदे खणू देऊ नका. वाळूचा ढीग अचानक ढासळतो आणि लहान मूल आत अडकू शकतं. ज्या दिवशी वाळू येईल त्याच दिवशी ती हौदात जाईल अशी माणसांची सोय आधी करा.

हौदात टाकताना चाळून टाका, धुतलेली म्हणून आणलेल्या वाळूतही खडे, काच, तारांचे तुकडे निघतात. काठापासून चार इंच खाली थांबा, तेवढा काठ मोकळा ठेवला की वाळू बाहेर कमी सांडते. शेवटी पाइपने पाणी मारा, वाळू बसते आणि धूळ खाली जाते. पाणी कमी-जास्त करून बघा: आठ बादल्या वाळूला एक बादली पाणी या प्रमाणात किल्ले सगळ्यात चांगले होतात.

७. झाकण: हे नसेल तर हौद करू नका

मांजराला मोकळी, मऊ, कोरडी वाळू म्हणजे हक्काची जागा वाटते आणि तुमच्या घरी मांजर नसलं तरी शेजारचं येतं. हा नुसत्या वासाचा प्रश्न नाही. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येतो, बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांत तो संसर्ग करण्याइतका तयार होतो आणि ओलसर मातीत वर्षभरसुद्धा टिकतो. घरात कुणी गरोदर असेल तर हे विशेष सांभाळायला हवं. कुत्र्या-मांजरांच्या पोटातल्या गोल जंतांची अंडीही अशीच वाळूत पडतात, आणि मुलांची बोटं तोंडात जातातच.

म्हणून झाकण हवं, आणि असं हवं की ते *रोज* घातलं जाईल. संध्याकाळी दमलेलं असताना, एका हातात रडणारं मूल असताना, दुसऱ्या हाताने घालता आलं पाहिजे. हा माझा एकमेव निकष आहे. दोन भागांत दुमडणारं, उघडल्यावर पाठीचं बाक होणारं लाकडी झाकण बघायला फार सुंदर असतं, पण पाच फुटांच्या हौदाला बारा मिलिमीटर प्लायचा नुसता अर्धा भाग आठ किलोच्या आसपास जातो, त्यात रिपा आणि बिजागऱ्या. ते उघडंच राहायला लागतं. तरी करायचंच असेल तर मध्येच पडू नये म्हणून अडकण लावा, बोटं चेमटू नयेत म्हणून कडेला फट ठेवा, आणि आपोआप बंद होणारी कडी किंवा कुलूप कधीही लावू नका, मूल आत लपून बसलं तर त्याला आतून ढकलून उघडता आलं पाहिजे.

मला सगळ्यात पटलेला उपाय म्हणजे हलक्या रिपांच्या किंवा प्लास्टिक पाइपच्या चौकटीवर ताणलेली बारीक जाळी. मांजर आत जात नाही, पानं अडतात आणि हवा, ऊन दोन्ही जातात. नुसती ताडपत्री कायम घातली तर खालची वाळू दमट राहते. पावसापुरती ताडपत्री जाळीच्या वर टाका, पण मधोमध एक आडवी काठी द्या म्हणजे दोन्हीकडे उतार होतो. सपाट ताडपत्रीवर पाणी साठतं, त्यात डास होतात, आणि अगदी लहान मुलाला काही इंच पाणीसुद्धा बुडायला पुरतं. दोऱ्या किंवा इलॅस्टिक लोंबकळत सोडू नका, मुलांच्या गळ्यात अडकतात, बांधून उरलेलं टोक कापून टाका.

८. मुलांना आत सोडताना

नियम थोडेच ठेवा. वाळू फेकायची नाही, विशेषतः डोक्याच्या वर. खाणं हौदात न्यायचं नाही, नाहीतर मुंग्या येतात. बाहेर आल्यावर हात धुवायचे, साबणाने. आमच्याकडे एवढेच नियम आहेत आणि ते पाळले जातात.

डोळ्यात वाळू गेली तर चोळू देऊ नका, स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा, दुखणं किंवा लाली राहिली तर डॉक्टरांना दाखवा. चिमूटभर वाळू गिळली गेली तर सहसा काही होत नाही, पण मुठीने खाणाऱ्या वयाच्या बाळाला एकटं सोडू नका.

खेळणी म्हणून घरातली जुनी टिकाऊ भांडी, चमचे, गाळणी, नरसाळं, पाइपचे तुकडे द्या. तयार सेटमधली पातळ प्लास्टिकची फावडी मोडतात आणि त्यांच्या कडा धारदार होतात. जरा मोठ्या मुलांना एक फळी आणि बादलीभर पाणी दिलं तर दुपार जाते. हौदाच्या काठाशी एक जाड पायपुसणं आणि मऊ ब्रश ठेवा. अंगाला चिकटलेली वाळू ओली असताना निघत नाही, आधी वाळू द्या आणि मग झटका. टाल्कम पावडर लावून झटकायची युक्ती ऐकली असेल, पण तिची धूळ मुलांच्या श्वासात जाते, त्यापेक्षा ब्रश बरा.

९. देखभाल

रोज सोडायच्या आधी वरवर नजर टाका. प्राण्याची घाण दिसली तर आजूबाजूची वाळूही भरपूर काढून टाका, हातमोजे घालून. वर सांगितलेलं एक ते पाच दिवसांचं गणित लक्षात ठेवा, त्याच दिवशी काढली तर धोका बराच कमी होतो.

आठवड्यातून एकदा दाताळ्याने खालपर्यंत उकरा आणि उन्हात उघडी ठेवा, तेव्हा हरवलेली खेळणीही सापडतात. महिन्यातून एकदा चाळा. ब्लीच किंवा फिनाइल ओतून वाळू ‘निर्जंतुक’ करू नका, ते वाळूत राहतं आणि मुलांच्या त्वचेला लागतं. मुंग्या झाल्या तर पावडर टाकू नका. मुलं घरात असताना वारुळावर उकळतं पाणी ओता, थंड झाल्यावर ती वाळू काढून टाका आणि कशामुळे आल्या ते शोधा, बहुतेक वेळा खाऊचा तुकडाच सापडतो.

पावसाळ्यानंतर दोन गोष्टी तपासा: लाकडाचे सांधे आणि तळाचं पाणी. एका कोपऱ्यात कापडापर्यंत वाळू बाजूला करून बघा. खालची वाळू काळी आणि वासाची असेल तर पाणी जात नाहीये, आणि वरून कितीही उन्हात वाळवली तरी ती सुधारणार नाही. कापड बुजलंय का, शोषखड्डा भरलाय का ते बघावंच लागेल.

वाळू दरवर्षी थोडी कमी होते, खिशांतून, बुटांतून, वाऱ्याने, तेव्हा वरून भर घाला. रोज झाकलेली आणि चाळलेली वाळूसुद्धा एक-दोन वर्षांनी पूर्ण बदलावी. चाळूनही कचरा निघत नसेल, रंग करडा झाला असेल किंवा वास येत असेल तर तेवढंही थांबू नका. काढलेली वाळू प्लास्टरला किंवा बांधकामाला देऊ नका, तिच्यात कुजका पाला मिसळलेला असतो. पायवाटेच्या फरशांखाली सपाटीकरणाला ती चालते. भाजीच्या वाफ्यात मात्र टाकू नका, मांजरांनी कधी काय करून ठेवलंय याची खात्री देता येत नाही.